फौजा मोजू नकोस, गुण मोज

अगं, शनिवारी तुमच्या मॅंचेस्टरच्या हॉस्टेलवर ‘ट्वायलाइट इम्पेरियम’चा डाव लागणार आहे आणि सहावा भिडू कमी पडतोय म्हणून तुला बोलावलंय, हे ताईकडून कळलं. ‘सकाळी बसून रात्री उठायचं, हा कसला खेळ? तू जरा सांग तिला,’ असं ती म्हणाली. जाऊ नकोस असं मी सांगेन, अशी तिची समजूत असावी. मी सांगतोय ते खेळायचं कसं, एवढंच. आमच्या पुण्याच्या कंपूत जे जे नवीन आले त्यांना मी हेच सांगत आलोय, आणि माझ्याही कानात ते आधीच्यांनीच घातलंय.

हा पटावरचा खेळ ख्रिश्चन पीटरसन यांनी १९९७ मध्ये अमेरिकेत आणला, फॅन्टसी फ्लाइट गेम्स या त्यांच्याच कंपनीतर्फे. तुमच्या टेबलावर बहुधा २०१७ची चौथी आवृत्ती असेल, म्हणून त्याच नियमांनी बोलतो. गोष्ट थोडक्यात अशी की लॅझॅक्स नावाचं साम्राज्य कोसळलंय, मधोमध त्यांची जुनी राजधानी मेकाटोल रेक्स उरलीय आणि कडेकडेने बसलेल्या वंशांना ती गादी हवी आहे. खोक्यावर चार ते आठ तास लिहिलंय. नवखे असतील तर आठच धर.

पटावर साडेतीनशेच्या वर प्लॅस्टिकची जहाजं आणि सैनिक मांडलेले पाहिले की नवा माणूस एकतर बिचकतो, नाहीतर फौज जमवत सुटतो. दोन्हीची गरज नाही. डाव १० गुणांचा आहे. जो आधी १०वर पोहोचेल तो जिंकला, मग त्याच्याकडे तीनच फुटकी जहाजं उरली असली तरी. बाकी सगळे मंत्र या एकाच गोष्टीचे फाटे आहेत.

१. पुस्तक पाठ करू नकोस, स्वतःचं पान पाठ कर

खोक्यात दोन पुस्तकं असतात. एक शिकण्यासाठी, एक वाद मिटवण्यासाठी. दुसऱ्याला आधी हात लावायचा नाही. पहिल्यातून फेरीचे टप्पे समजून घे: कार्डं निवडणं, प्रत्यक्ष खेळी, हिशेब आणि पुढे जाऊन मतदान. मग आपल्या वंशाचं पान नीट वाच, कारण दिवसभर तेच तुझ्यासमोर असणार.

वंश निवडायला मिळाला तर फेडरेशन ऑफ सोल घे. माणसांचा वंश आहे, भानगडी कमी, आणि दर फेरीच्या हिशेबात इतरांना दोन कमांड टोकन मिळतात तिथे सोलला तीन. व्यापारात रस असेल तर हाकान घे. शेजारी नसलेल्यांशीही त्यांना सौदे करता येतात. नेक्रो व्हायरस, आर्बोरेक आणि घोस्ट्स ऑफ क्रूस मात्र पहिल्या डावाला नकोत. त्यांचे नियम इतरांपेक्षा इतके वेगळे आहेत की तू खेळ न शिकता अपवादच शिकशील.

आपलं पान झालं की उजव्या-डाव्या शेजाऱ्यांची पानंही वाच. शेजारी मेंटॅक असेल तर तीन किंवा जास्त ट्रेड गुड, म्हणजे खेळातले पैसे, साठवून बसलीस की त्यातलं एक तो उचलून नेणार. हे आधी ठाऊक असलेलं बरं.

२. उघडी उद्दिष्टं रोज देवासारखी बघ

डाव सुरू होतानाच दोन उघडी ऑब्जेक्टिव्ह टेबलावर असतात आणि दर फेरीअखेर एक नवं उघडतं. ती वाच. बिगर-घरच्या सहा ग्रहांवर ताबा असणं, ८ रिसोर्स (ग्रहांचं बांधकामाचं बळ) एकदम खर्च करणं, ८ इन्फ्लुएन्स (ग्रहांचंच मतदानाचं बळ) खर्च करणं, ५ ट्रेड गुड देणं, दोन रंगांची प्रत्येकी दोन तंत्रज्ञानं असणं. आता सांग, यातलं लढाईने काय मिळतं? फारसं काहीच नाही. म्हणून दर फेरीला कार्ड निवडण्याआधी स्वतःला विचार, ‘या फेरीच्या शेवटी मला कुठला गुण घ्यायचाय?’ उत्तर नसेल तर जहाजं हलवू नकोस.

हिशेबाच्या टप्प्यात एका वेळी एक उघडं आणि एक गुप्त, एवढीच उद्दिष्टं मोजता येतात. म्हणजे एखादी फेरी कोरडी गेली की ती गेलीच, पुढच्या वेळी एकदम दोन घेऊन भरपाई होत नाही. डाव साधारण पाच-सहा फेऱ्यांत आटोपतो. पाच फेऱ्यांत दर वेळी एक उघडं धरलं तर पाच गुण. गुप्त उद्दिष्टं जास्तीत जास्त तीन, म्हणजे आठ. उरलेले दोन कुठून आणायचे, ते पहिल्या फेरीपासून डोक्यात हवं. मेकाटोल रेक्सवर पहिलं पाऊल टाकणाऱ्याला एक मिळतो. इम्पीरियल नावाच्या स्ट्रॅटेजी कार्डातून मिळू शकतो, त्या कार्डांचं पुढे सांगतो. उत्तरार्धातली मोठी उद्दिष्टं प्रत्येकी दोन गुणांची असतात. हा जमाखर्च एका चिठ्ठीवर लिहून ठेव, लाजू नकोस.

३. टोकन पाहून पाय पसर

या खेळातलं खरं धन रिसोर्स नव्हे, कमांड टोकन. सुरुवातीला आठ असतात: टॅक्टिकमध्ये तीन, फ्लीटमध्ये तीन, स्ट्रॅटेजीमध्ये दोन. टॅक्टिकमधलं एक टोकन पटावरच्या एखाद्या टाइलवर ठेवलं की त्या टाइलकडे जहाजं नेता येतात, तिथे उतरता येतं, तिथे गोदी असेल तर बांधकाम करता येतं. टोकन म्हणजे लोकलचा पास नव्हे, दर खेपेला नवं तिकीट. तीन तिकिटं संपली की फेरीतल्या तुझ्या चाली संपल्या.

यातली मेख अशी, की जिथे तुझं टोकन पडलंय तिथून तुझी जहाजं त्या फेरीत बाहेर निघू शकत नाहीत. म्हणून घरच्या टाइलवर आधी बांधकाम केलंस तर घरातली सगळी जहाजं अडकली. आधी बाहेर जायचं, मग घरी बांधायचं. हा क्रम चुकला तर पहिली फेरी वाया जाते.

फ्लीटमधली टोकनं खर्च होत नाहीत, ती मर्यादा ठरवतात. तिथे तीन असतील तर एका टाइलवर फायटर सोडून तीनच जहाजं राहतील. नवीन मुलं सगळी टोकनं तिकडे ओततात आणि मग थाटामाटात एका जागी बसून राहतात. तीन-चारच्या वर नेण्याची घाई नको. स्ट्रॅटेजीमध्ये मात्र दर फेरीला निदान दोन हवीतच. का, ते पुढे सांगतो.

४. पहिली फेरी अशी खेळ

समज, तू सोल आहेस. घरात दोन कॅरिअर, एक डिस्ट्रॉयर, तीन फायटर, पाच सैनिक आणि एक गोदी. पहिलं टोकन शेजारच्या दोन ग्रहांच्या टाइलवर ठेव. एक कॅरिअर दोन सैनिकांना घेऊन तिथे जाईल, एकेक सैनिक एकेका ग्रहावर उतरेल. दुसरं टोकन दुसऱ्या शेजारी टाइलवर, दुसरा कॅरिअर, आणखी दोन सैनिक. आता घरी एकच सैनिक उरला, आणि तिसरं टोकन घरच्या टाइलवर ठेवून बांधकाम.

घरचा ग्रह जॉर्ड, त्याचे रिसोर्स ४. नवे जिंकलेले ग्रह हाती येतात ते पालथ्या कार्डाने, म्हणजे त्यांचं उत्पन्न पुढच्या फेरीपासून. तेव्हा हाताशी ४च आहेत. तीन रिसोर्सला एक कॅरिअर आणि एका रिसोर्सला दोन सैनिक, असे चार फिटतात. ड्रेडनॉटही चारलाच मिळतो आणि दिसतो रुबाबदार, पण एकाच सैनिकाला घेऊन जाऊ शकतो. सोलचा कॅरिअर सहा जणांना नेतो. ग्रह सैनिक जिंकतात, तोफा जिंकत नाहीत. त्या वेळी तुला विस्तार हवाय, दरारा नव्हे.

फेरीअखेर चार-पाच ग्रह हाती आले तर सुरुवात झकास झाली समज.

५. दुसऱ्याच्या ताटातलं सोडू नकोस

आठ स्ट्रॅटेजी कार्डं असतात. सहा भिडू असले की प्रत्येकाला एक, आणि जी दोन उरतात त्यांच्यावर एकेक ट्रेड गुड ठेवला जातो. पहिल्या फेरीला लीडरशिप, टेक्नॉलॉजी, ट्रेड किंवा वॉरफेअर यांतलं काहीही आलं तरी वाईट नाही. पण खरी गंमत कार्ड आपल्याकडे नसताना. ज्याचं कार्ड असेल तो ते खेळला की बाकीच्यांना त्याचा धाकटा फायदा घेता येतो, बहुतेक वेळा स्ट्रॅटेजीमधलं एक टोकन देऊन. लीडरशिपला तेवढं टोकन लागत नाही, तिथे तीन इन्फ्लुएन्सला एक टोकन विकत मिळतं.

टेक्नॉलॉजी कुणी खेळला की एक टोकन आणि चार रिसोर्स देऊन तूही एक तंत्रज्ञान घेऊ शकतेस. वॉरफेअर कुणी खेळला की एक टोकन देऊन घरच्या गोदीत बांधकाम, आणि ते टोकन घरच्या टाइलवर पडत नाही, म्हणजे घर मोकळंच राहतं. शेजारी वॉरफेअर घेऊन बसलेला दिसला तर वर सांगितलेलं तिसरं टोकन घरी खर्च करू नकोस, त्याच्या खेळीची वाट बघ. तुझं एक पाऊल वाचलं.

पास म्हटलीस तरी हे धाकटे फायदे घेता येतात, म्हणून पास झाल्यावर चहा करायला उठू नकोस.

६. भीड भिकेची बहीण

आपल्याकडच्या मुलांना मागायची लाज वाटते. या टेबलावर ती घरी ठेवून जा. इथे निम्मा खेळ तोंडाने खेळला जातो.

कमॉडिटी नावाच्या चकत्या तुझ्याजवळ असेपर्यंत निरुपयोगी असतात. त्या दुसऱ्याच्या हातात पडल्या की त्याच्यासाठी ट्रेड गुड होतात, आणि ट्रेड गुड रिसोर्स म्हणूनही चालतं, इन्फ्लुएन्स म्हणूनही. म्हणजे दोन शेजाऱ्यांनी तीन-तीन चकत्यांची अदलाबदल केली की दोघांचेही तीन रुपये उभे राहिले, कुणाचं काही गेलं नाही. असा सौदा नाकारणारा शहाणा नव्हे. शेजारी व्हायला मात्र दोघांची जहाजं किंवा ग्रह लगतच्या टाइलवर यायला हवेत, म्हणून लवकर कुणाच्या तरी सीमेला भीड. ट्रेड कार्ड ज्याच्याकडे आहे त्याला विचार, ‘माझ्या चकत्या फुकट भरू देशील तर एक तुला.’ टोकन वाचतं, मैत्रीही होते.

एक नियम नीट लक्षात ठेव. ज्या सौद्याची देवघेव जागच्या जागी होते तो पाळावाच लागतो. ‘पुढच्या फेरीत मी तुझ्यावर येणार नाही’ हे मात्र नुसतं बोलणं, मोडलं तरी नियम आड येत नाही. तेव्हा पुढची वचनं घे, पण त्यांच्या भरवशावर सीमा उघडी टाकू नकोस. तू स्वतः मात्र दिलेला शब्द पाळ. आठ तासांचा डाव आहे, आणि पुढच्या वेळीही तीच माणसं बसणार आहेत.

‘सपोर्ट फॉर द थ्रोन’ नावाची एक चिठ्ठी तुझ्याकडे असेल. ती ज्याला देशील त्याला सरळ एक गुण मिळतो. कुणी गोड बोलून मागेल. देऊ नकोस, त्याची चिठ्ठी घेऊन बदल्यात दे. मग त्याने तुझ्या जहाजांच्या टाइलवर टोकन टाकलं तर चिठ्ठी परत आणि त्याचा गुण गेला. दोघांनाही एकमेकांकडे डोळे वटारायची सोय राहत नाही.

७. लढाई आधी कागदावर कर

फासे दहा बाजूंचे असतात. ड्रेडनॉटला ५ किंवा वर पडलं की मार, म्हणजे दहात सहा वेळा. क्रूझरला ७, म्हणजे चार वेळा. फायटर, डिस्ट्रॉयर, कॅरिअर यांना ९, म्हणजे दोनच वेळा. पण फायटर एका रिसोर्सला दोन मिळतात आणि मोठ्या जहाजाच्या वाट्याचा मार आपल्यावर घेतात. कॅरिअरसोबत दोन-तीन फायटर असले की त्याचं आयुष्य वाढतं. ड्रेडनॉट पहिला घाव सोसून उलटा पडतो, दुसऱ्याला मरतो, आणि हिशेबाच्या टप्प्यात फुकट दुरुस्त होतो. एवढं गणित मनात करून बघ. बरोबरीची वाटत असेल तर लढू नकोस.

कारण सहा जणांच्या टेबलावर दोघांचं भांडण म्हणजे उरलेल्या चौघांचा लाभ. जिंकलीस तरी तुझी निम्मी जहाजं गेलेली असतात आणि तिसरा टपलेला असतो. लढायचं ते गुणासाठी: एखादा ग्रह उद्दिष्टात मोजला जाणार असेल, कुणी १०च्या जवळ गेलेला असेल, किंवा मेकाटोल हवा असेल. ‘त्याने मघाशी माझा ग्रह घेतला’ हे कारण चालत नाही.

आणि घर सांभाळ. घरचा एखादा ग्रह दुसऱ्याच्या हाती गेला तर उघड्या उद्दिष्टांचे गुण घेताच येत नाहीत. बाकी अख्खी आकाशगंगा तुझी असली तरी. घरी दोन-तीन सैनिक कायम असू देत.

८. मेकाटोल रेक्स: घ्यावा, पण हिशेबाने

तिथे पहिल्यांदा उतरायला ६ इन्फ्लुएन्स मोजावे लागतात, एक गुण मिळतो आणि त्या फेरीपासून मतदानाचा टप्पा सुरू होतो. ग्रहाचे स्वतःचे इन्फ्लुएन्स ६ आहेत, मतदानात ते फार उपयोगी. पण मधोमध बसणं म्हणजे सगळ्या बाजूंनी उघडं पडणं. सहज जमत असेल तर जा, गुण घे. टिकवण्यासाठी घरदार विकू नकोस.

मतदानाबद्दल एकच. दर वेळी दोन प्रस्ताव येतात, त्यासाठी ग्रह पालथे घालावे लागतात, पण टप्पा संपताच ते पुन्हा सरळ होतात. म्हणजे मतं साठवून पुढच्या फेरीत काही मिळत नाही. ती दोन प्रस्तावांत कशी वाटायची तेवढंच ठरवायचं. ज्या प्रस्तावाने तुझं काही बिघडत नाही तिथली मतं कुणाला तरी ट्रेड गुडच्या बदल्यात वीक.

९. झाकली मूठ सव्वा लाखाची

गुप्त उद्दिष्ट तोंडावर दिसू देऊ नकोस. हातातली ॲक्शन कार्डं उगाच उडवू नकोस. आणि सगळ्यांच्या पुढे एक गुण काढून मिरवू नकोस, कारण पुढे जो दिसतो त्याच्यावर सगळे चालून जातात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या नंबरावर बसून राहणं सर्वांत सोयीचं. बोलताना ‘अरे, तो बघा, सातवर गेला’ असं अधूनमधून म्हणायला हरकत नाही. खरं तेच बोलायचं, फक्त स्वतःचा आकडा सांगायचा नाही.

१०. शेवटच्या दोन फेऱ्या वेगळ्या

आठवर पोहोचलीस की खेळ बदलतो. हिशेबाच्या टप्प्यात गुण स्ट्रॅटेजी कार्डाच्या आकड्याप्रमाणे, लहानापासून मोठ्याकडे मोजले जातात. दोघे १०च्या दारात असतील तर लीडरशिपवाला, म्हणजे १ आकड्याचा, आधी आत जातो. दुसरीकडे ८ आकड्याचं इम्पीरियल हे हिशेबाची वाटच बघत नाही. खेळीच्या मधेच एक उघडं उद्दिष्ट मोजून देतं, आणि मेकाटोल हाती असेल तर आणखी एक गुण. ही दोनच कार्डं अशा वेळी लाखमोलाची. कार्ड आधी कोण निवडणार हे सभापती कोण आहे त्यावर ठरतं, आणि सभापतीची खूण पॉलिटिक्स कार्डातून हलते. म्हणून शेवटाच्या आधीच्या फेरीत पॉलिटिक्सकडे दुर्लक्ष नको.

त्या वेळी फौज राखून ठेवायची नाही. उद्याची काळजी करायला उद्या उरलेला नसतो. उद्दिष्टासाठी टोकनं, जहाजं, ट्रेड गुड, जे लागेल ते ओत.

११. आणि टेबलावरचं वागणं

आपली पाळी येण्याआधी चाल ठरवून ठेव. सहा जणांत प्रत्येकाने दोन मिनिटं घोळ घातला तर रात्रीचे बारा वाजतात. चिवडा, वेफर्स वेगळ्या टेबलावर. तेलकट बोटांनी कुणाच्या कार्डांना हात लावायचा नाही, खोकं महाग आहे. नियम कळला नाही तर सरळ विचार, पण ‘मला अमुक करायचंय, ते कसं?’ असं विचारशील तर गुपित फुटेल. ‘हे कार्ड काय करतं?’ एवढंच विचार. हरलीस तर शेवटपर्यंत बस. मधेच उठून गेलीस तर उरलेल्यांचा तोल जातो.

पहिल्या डावात जिंकायची अपेक्षा ठेवू नकोस, पाच-सहा गुण झाले तरी भरपूर. पुढच्या वेळी वंश बदलू नकोस, पुन्हा सोलच घे. तेच पान दुसऱ्यांदा हाती आलं की पहिल्यांदा न दिसलेल्या चाली दिसतात. आणि जिंकणाऱ्याला डाव आवरता आवरता विचार, ‘तुझे दहा गुण कुठून कुठून आले?’ तो आनंदाने सांगेल. त्याची यादी आणि तुझी यादी शेजारी ठेव. पुढच्या डावात काय करायचं ते त्या दोन याद्यांमधल्या फरकातच असतं. दोन्ही मला पाठव. ताईला मी इकडे सांभाळतो.